मावळचा पेन्शनर आणि मधुमेहाचा उंबरठा

मावळचा इतिहास सांगताना आपण तलवारीपाशी थांबतो. तळेगावजवळच्या आंबीसारख्या गावी पलटणीतून परतणाऱ्याचे पुढे काय होते, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

फौजेत असता दरसाल वैद्यकीय तपासणी होते. जवान पुष्कळदा चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. कवाईत सुटते, भात सुटत नाही. आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ सुटावा तरी कसा! साखर चढू लागण्याच्या वयातच तपासणीचा हुकूम थांबतो.

मधुमेह सुश्रुतास ठाऊक होता. त्याच्या अलीकडच्या पायरीस आधुनिक वैद्यकाने वेगळे नाव दिले ते १९७९-८० साली. २००३ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने उपाशीपोटी साखरेची ही पायरी ११० वरून १०० मिलिग्रॅमवर आणली. जागतिक आरोग्य संघटना ११० वरच राहिली. त्याच वर्षी एप्रिलात आपल्याकडे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. पण दवाखान्यात जातो तो दुखणेकरी, आणि या पायरीवर दुखत काहीच नाही. शिवाय पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी दाखविल्याप्रमाणे भारतीय देह बाहेरून सडपातळ, आतून चरबीचा; शिपाईगड्याचा बांधा पाहून डॉक्टरही फसावा.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ मधील प्रयोगात चालणे व आहार यांनी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. गोळीनेही जवळजवळ तेवढाच. तेव्हा गुडघा दाखवावयास आलेल्या पेन्शनराचीही साखर पहिल्याच डॉक्टराने पाहावी, आणि पुढल्या तपासणीची तारीख निवृत्तीच्या कागदांतच लिहून मिळावी.