स्वामीमलै : गाळावर उभे राहिलेले गाव

आज आपण तमिळनाडूतल्या एका छोट्या गावाची ओळख करून घेणार आहोत. कुंभकोणमच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर, तंजावरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर स्वामीमलै आहे. २००१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सात हजारांच्या आत होती. कुंभकोणम २०२१ मध्ये महानगरपालिका झाले. स्वामीमलै मात्र त्याच्या वेशीवरची नगरपंचायतच आहे.

फौजेत आम्हाला एक सवय लावली जाते, आधी जमीन बघा आणि मग माणसे. इथेही तसेच करू. 'मलै' म्हणजे डोंगर. पण या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात डोंगर नाहीच, आहे ती सपाट भातशेती. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, याच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. पुत्राने पित्याला, म्हणजे शंकराला, ओंकाराचा अर्थ सांगितला तो इथे, म्हणून देवाचे नाव स्वामीनाथ. डोंगर नव्हता म्हणून लोकांनी टेकडी रचली आणि तिच्यावर मंदिर बांधले. वर जायला साठ पायऱ्या आहेत. त्यांना साठ संवत्सरांची नावे आहेत, आपल्या पंचांगात प्रभवपासून सुरू होतात तीच.

या मुलखात दगडही नाही आणि तांब्याची खाणही नाही. तरी गाव देशभर ओळखले जाते ते पंचधातूच्या मूर्तींसाठी. याचे कारण कावेरीचा गाळ. चोळ काळात उत्सवमूर्ती मिरवणुकीने बाहेर काढण्याची प्रथा वाढली आणि धातूच्या मूर्तींना मागणी आली. जवळच्या दारासुरमला बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने ऐरावतेश्वर मंदिर बांधले. आपले पूर्वज त्या कामावर होते आणि पुढे इथे स्थायिक झाले, असे इथली स्थपती घराणी सांगतात.

काम असे चालते. मेण आणि राळ मिसळून मूर्ती घडवायची. तिच्यावर नदीच्या बारीक गाळाचा पहिला थर द्यायचा, मग जाड मातीचे थर. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते. त्या पोकळीत धातूचा रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. पहिला थर जितका मऊ, तितकी दागिन्यांची आणि बोटांची रेघ स्पष्ट उमटते.

मराठी माणसाचा या भागाशी संबंध जुना आहे. १६७६ मध्ये एकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर बसले. मधली थोडी वर्षे वगळता १७९९ पर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या वर्षी दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात कारभार इंग्रजांकडे गेला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव याच कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले.

२००८-०९ मध्ये स्वामीमलैच्या कांस्यमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी दिल्लीच्या भारत मंडपमसमोर सत्तावीस फुटांचा, सुमारे अठरा टनांचा नटराज उभा राहिला. तो घडवला इथल्याच राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच मेणाच्या पद्धतीने.

मानांकनाने नावाचे रक्षण होते, गाळाचे होत नाही. नदीवर धरण बांधले की गाळ धरणामागे अडतो. कावेरीवर मेट्टूर धरण १९३४ मध्ये झाले. पात्रातून वाळू उपसली की उरलेला काठही बिघडतो. दुसरा प्रश्न हातांचा. हे काम पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षे भट्टीजवळ बसून शिकावे लागते. मुलाने दुसरी नोकरी धरली तर त्याला दोष देता येत नाही, पण त्या घरातली विद्या तिथेच थांबते.

म्हणून कुंभकोणमला गेलात तर साठ पायऱ्या चढून दर्शन जरूर घ्या. खाली उतरल्यावर एखाद्या स्थपतीच्या कारखान्यातही डोकवा. मूर्ती घ्यायची नसली तरी चालेल. साचा कसा भरतात ते विचारा आणि तो गाळ एकदा हातात घेऊन बघा. सात हजारांचे गाव हजार वर्षांची विद्या कशावर टिकवून आहे, ते लगेच कळेल.

जय हिंद.