कोशात कोश : संगणकाच्या नोंदीत निपाणी कुठे सापडते?

संगणकाच्या भाषांत माहिती साठविण्याच्या ज्या रचना नित्य वापरात आहेत, त्यांत ‘डिक्शनरी’ म्हणजेच कोश ही प्रमुख होय. शब्दकोशात शब्द शोधून अर्थ पाहावा, त्याप्रमाणे येथे ‘की’, अर्थात किल्ली, देऊन तिला जोडलेले मूल्य मिळविता येते. हे मूल्य स्वतःच दुसरा कोश असेल, तर त्या रचनेस ‘नेस्टेड डिक्शनरी’ म्हणतात. पायथॉन या भाषेत ती सर्रास आढळते.

राज्य, जिल्हा, तालुका, गाव ही उतरंड तिचे सहज कळणारे उदाहरण आहे. गोव्याला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेच्या वेळची मांडणी, काही मोजकी नावे घेऊन, अशी लिहिता येईल :

गावे = {
  "कर्नाटक": {
    "बेळगाव": {
      "खानापूर": ["लोंढा", "नंदगड"],
      "चिकोडी": ["निपाणी", "सदलगा"]
    }
  }
}

गावे["कर्नाटक"]["बेळगाव"]["खानापूर"] असे विचारल्यास लोंढा व नंदगड ही यादी मिळते. प्रत्येक चौकटी कंस एक पायरी खाली नेतो.

नाव बदलले तर

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी बोलण्यात मात्र बेळगावच राहिले. माणसाला दोन्ही नावे एकाच शहराची वाटतात. संगणकाच्या लेखी एका वेलांटीच्या फरकानेही किल्ली वेगळी ठरते. किल्ली न सापडल्यास पायथॉन ‘कीएरर’ दाखवून थांबतो.

ही अडचण टाळण्यासाठी ‘गेट’ ही पद्धत वापरतात. किल्ली नसेल तेव्हा तिच्याकडून रिकामा कोश मिळविता येतो आणि काम पुढे चालते. परंतु गाव नोंदीत नाहीच, की ते दुसऱ्या नावाने आहे, हा भेद त्यामुळे पुसला जातो. एखाद्या अर्जदाराचा अर्ज अशा वेळी निमूटपणे बाजूला पडू शकतो. ‘डिफॉल्टडिक्ट’ हा प्रकार आणखी फसवा आहे. त्यात चौकटी कंसाने नुसते विचारताच नवी किल्ली निर्माण होते. ‘बेळगाव’च्या भरल्या कप्प्याशेजारी ‘बेळगावी’चा रिकामा कप्पा उभा राहतो आणि चूक कुणाच्या ध्यानी येत नाही.

तालुका बदलला तर

२०११ मध्ये निपाणी हे चिकोडी तालुक्यातील शहर होते. पुढे निपाणी हा स्वतंत्र तालुका झाला. कोशात हा बदल करताना चिकोडीच्या यादीतून निपाणी काढावी लागते आणि जिल्ह्याखाली त्याच नावाची नवी किल्ली जोडावी लागते. आता एकच नाव दोन पायऱ्यांवर येते : तालुका निपाणी आणि त्यातील शहर निपाणी. चिकोडीमार्गे जाणाऱ्या जुन्या आज्ञावलीला मात्र निपाणी सापडत नाही.

जुनी जनगणना जशीच्या तशी राखून नवी मांडणी करायची असेल, तर प्रत घेतानाही सावधगिरी हवी. साधी ‘कॉपी’ फक्त वरचा कोश नवा करते; आतले कोश दोन्ही प्रतींत सामाईक राहतात. त्यामुळे आजच्या प्रतीत केलेला बदल २०११ च्या नोंदीतही उमटतो. ‘डीपकॉपी’ने आतील प्रत्येक पायरी स्वतंत्र होते.

क्रमांकाचा आधार

यावरील उपाय म्हणजे ओळख क्रमांकाला द्यावी आणि नाव आत ठेवावे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणी क्रमांकात गोवा ३०, कर्नाटक २९ आणि महाराष्ट्र २७ या आकड्यांनी ओळखला जातो, हे व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी’त गावांनाही असे क्रमांक आहेत. गावाचा क्रमांक ही किल्ली धरून तिच्याखाली ‘नावे’ हा छोटा कोश ठेवला, तर त्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी रूपे एकत्र नांदतात. तालुक्याचा क्रमांक त्याच नोंदीत मूल्य म्हणून लिहिला, की तालुका बदलल्यावर केवळ तेवढेच मूल्य बदलावे लागते; गावाची किल्ली कायम राहते.

सीमाभागातील माणूस अर्जावर बेळगाव लिहो वा बेळगावी, ‘नावे’ या कोशातील कोणत्याही रूपावरून त्याची नोंद सापडली पाहिजे. आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी दोन्ही नावे आणि दोन्ही तालुके घालून ती तपासणे, ही त्यासाठीची किमान दक्षता होय.