नेग्री पिंड

‘मेंदूत नेग्री पिंड दिसले नाहीत, म्हणून कुत्रे पिसाळलेले नव्हते’ हा निष्कर्ष आज ग्राह्य धरता येत नाही. हे पिंड इटलीतील पाविया येथे आदेल्की नेग्री यांनी 1903 मध्ये वर्णिले. ते रेबीजचे परजीवी जंतू आहेत असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ते चेतापेशींत साचलेले विषाणूचे द्रव्य असते. ते पाहण्यासाठी मृत जनावराच्या मेंदूचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवल्यावर पिंड गुलाबी-लाल दिसतात. कुत्र्यात ते हिप्पोकॅम्पसमध्ये, तर गाई-म्हशींत लहान मेंदूच्या पुर्किंजे पेशींत अधिक सापडतात. पिंड दिसले तर रेबीज नक्की. मात्र बऱ्याच बाधित मेंदूंत ते दिसतच नाहीत. म्हणून 1958 पासून चमकत्या प्रतिपिंडांची चाचणी रूढ होत गेली. तिच्यासाठी मेंदू ताजा, बर्फात ठेवलेला हवा, त्यात मेंदूच्या देठाचा भागही हवा. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला नमुना या नेहमीच्या चाचणीला चालत नाही. चावा बसलेल्या वाचकाने मात्र कोणत्याही अहवालाची वाट न पाहता जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. — संपादक