सिद्धगडची हकीकत : पाहिलेली आणि ऐकलेली

२ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. माथेरानला १९१२ सालीं जन्मलेले कोतवाल व्यवसायानें वकील. त्यांच्या आझाद दस्त्यानें १९४२ च्या चळवळींत वीजवाहक मनोरे पाडून सरकारला हैराण केलें होतें. ही हकीकत त्या भागांत पुष्कळांस पाठ आहे. ती कोणाकडून कळली, याचें उत्तर मात्र चटकन् देणारा विरळा.

दर २ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करण्यास तेथें लोक जमतात. भाषणें होतात, मुलें ऐकतात. घरांतील वडीलधारे सांगतात. २०२० सालीं चित्रपटही आला. मनांत या सर्वांची सरमिसळ होते आणि मजकूर राहून सांगणारा पुसला जातो. मानसशास्त्रज्ञ मार्शा जॉन्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं असें मांडलें कीं, आठवणीबरोबर तिचा उगम नोंदलेला असतोच असें नाहीं. आवाज, जागा, बारकावे यांवरून मन तो मागाहून ताडतें. म्हणूनच ठसठशीत वर्णन ऐकणाऱ्यास पुढें तें स्वतः पाहिल्यासारखें वाटूं लागतें.

मराठीनें यावर ‘म्हणे’ हा नामी शब्द ठेवला आहे. ‘तो आला म्हणे’ एवढ्यानें बोलणारा मोकळा होतो. पण हा शब्द मोठा अल्पायुषी! गोष्ट तिसऱ्या तोंडीं जातांना तोच प्रथम गळतो.

तेराव्या शतकांत म्हाइंभटानें यापेक्षां अधिक दक्षता दाखविली. ‘लीळाचरित्रा’साठीं चक्रधरस्वामींच्या सहवासांत राहिलेल्यांना त्यानें हिंडून गांठलें आणि त्यांच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढें मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हां पाठांतरावरून ग्रंथ पुन्हां उभा करावा लागला. त्यांतील हिराइसेचा पाठ आजही तिच्याच नांवानें ओळखला जातो. सातशें वर्षें मजकुराबरोबर सांगणारीचें नांवही टिकलें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

सिद्धगडच्या बाबतींत ही काटेकोरी केवळ विद्वानांची हौस ठरत नाहीं. बचावलेल्या साथीदारांनीं पाहिलेलें, पोलिसांच्या दप्तरांत नोंदलेलें आणि गांवांत मागाहून ऐकलेलें, हीं तीन निरनिराळीं साधनें होत. दस्त्याचा ठावठिकाणा फितुरीनें कळला, असें सांगण्यांत येतें. त्या ‘सांगण्यांत येतें’ला कोणी उद्यां एखादें नांव जोडलें, तर मूळचें ‘म्हणे’ गळून पडेल आणि फितुराचें घर म्हणून बोट दाखविलें जाईल तें त्याच्या नातवंडांकडे.