गर्दीत चेंगरून श्वास थांबला तर : आपत्कालीन विभागातील टीम काय करते?

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाऊस सुरू होता आणि एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर गर्दी अडकली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. जखमींना जवळच्या केईएम रुग्णालयात नेण्यात आले. पुढच्याच वर्षी या स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

अशा वेळी रुग्णाचा जीव एकटा डॉक्टर वाचवत नाही. पुलावरच्या अनोळखी माणसापासून कॅज्युअल्टीतल्या वॉर्डबॉयपर्यंत सगळे त्या टीमचा भाग असतात. तुम्हीसुद्धा.

नेमके काय होते?

चेंगराचेंगरीत बहुतेकांचा जीव पायदळी तुडवले गेल्याने जातो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेक जण उभ्याउभ्याच गुदमरतात. छातीवर चहूबाजूंनी दाब आला की फासळ्या आणि श्वासपटल हलू शकत नाहीत. हवा समोर असूनही आत घेता येत नाही. चेहरा व मान निळी-जांभळी पडते, सुजते, डोळ्यांत रक्त उतरते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा होऊ लागते.

रुग्णालयात पोहोचण्याआधी तुम्ही काय कराल?

- रुग्णाला मोकळ्या जागी आणा, भोवतालची गर्दी हटवा.
- खांद्यावर थोपटून हाक मारा. प्रतिसाद नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा.
- श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर शक्यतो हलवू नका.
- श्वास नसेल किंवा फक्त आचके येत असतील तर लगेच सीपीआर सुरू करा : छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाब. प्रशिक्षण घेतले असेल तर दर ३० दाबांनंतर २ वेळा तोंडाने श्वास द्या. गुदमरलेल्या रुग्णात हे श्वास फार महत्त्वाचे असतात.
- तोंडात पाणी घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

आत टीम कशी काम करते?

खूप रुग्ण एकदम आले तर आधी वर्गवारी होते. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा म्हणजे थोडे थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी. त्यामुळे जास्त ओरडणाऱ्या रुग्णाच्या आधी गप्प पडलेल्या रुग्णाला आत नेले जाऊ शकते. हा अन्याय नाही. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो.

लाल गटातील रुग्णाभोवती कामे वाटलेली असतात :

- टीमप्रमुख पायथ्याशी उभा राहून सगळ्यांवर लक्ष ठेवतो. शक्यतो स्वतः हात लावत नाही.
- डोक्याशी असलेला डॉक्टर मान स्थिर ठेवून श्वासमार्ग मोकळा करतो, प्राणवायू देतो, गरज पडल्यास श्वासनळीत नळी घालतो.
- छाती दाबणारे दर २ मिनिटांनी बदलतात, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो.
- सिस्टर शिरेत सुई लावून औषधे देतात.
- एक जण वेळ आणि दिलेले औषध लिहून ठेवतो.

आतून मोठ्याने बोलणे ऐकू आले तर घाबरू नका. प्रमुख म्हणतो, “ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम द्या.” सिस्टर तेच परत उच्चारतात आणि दिल्यावर “दिले” असे सांगतात. चूक टाळण्याची ही पद्धत आहे.

नाडी परत आल्यावर फुफ्फुसाबाहेर हवा साठली आहे का, फासळ्या मोडल्या आहेत का, पोटात रक्तस्राव आहे का, हे एक्स-रे व सोनोग्राफीने पाहतात. स्नायू बराच वेळ दाबले गेले असतील तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो आणि मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. म्हणून बरा दिसणारा रुग्णही काही तास देखरेखीखाली ठेवतात. “आता ठीक आहे” म्हणून त्याला घाईने घरी नेऊ नका. घरी गेल्यावर धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच परत या.

नातेवाइकांचे काम

तुमच्यापैकी एकानेच डॉक्टरांशी बोलावे. रुग्ण किती वेळ दबलेला होता, श्वास कधी थांबला, सीपीआर कधी सुरू केला, मधुमेह किंवा हृदयरोग आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, एवढे सांगा. ही माहितीही उपचाराइतकीच मोलाची असते.

पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबत नाहीत. आधी जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

लक्षात ठेवा

गर्दी दाटू लागली तर हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहील. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. रेट्याच्या उलट ढकलू नका, तिरके सरकत कडेला या. आणि सीपीआर आजच शिकून घ्या. टीमचे काम रुग्णालयात सुरू होते, पण पहिली ४ मिनिटे तुमच्या हातात असतात.