दोन बोरी आणि एक शंख

परभणी जिल्ह्यातील आमच्या बोरीचे काळे रान पाहिले की मला दुसरी बोरी आठवते, नागपूरजवळची. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. तेथे लाव्हाच्या दोन थरांमधील मातीत त्याला दगड झालेल्या गोगलगायी सापडल्या. त्या गोड्या पाण्यातल्या. राजमहेंद्रीकडच्या तशाच थरांत मात्र समुद्राचे शंख! १८६० साली त्याने दोहोंचे वर्णन छापले. एका लांबट शंखाला ‘टरिटेला प्रीलाँगा’ हे नाव दिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इकडे तळी होती, तिकडे सागर, ही साक्ष या शंखांचीच. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाला. दिवाळीत पूजेचा शंख पुसताना मला त्याची आठवण होते.