निवाऱ्याची भिंत कुणाची?

एसटीचा इतिहास विचारला तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं कुणीही सांगेल : १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, पहिली गाडी. गाड्यांचा, मार्गांचा आणि महामंडळाचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. पण गाडी येईपर्यंत माणसं कुठे उभी होती, त्यांच्या डोक्यावर काय होतं, तासभर समोर दिसणाऱ्या भिंतीवर काय होतं, हे सहसा कुणी लिहीत नाही. खरं तर प्रवासापेक्षा वाट पाहण्यातच आपला जास्त वेळ गेलेला असतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत तर फारच जास्त. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. त्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल. २०११च्या जनगणनेत तिथे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं होती. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला कित्येक दशकं वडसा हे एकच रेल्वे स्थानक मिळालं. त्यामुळे दवाखाना, कॉलेज, बाजार, कोर्ट यांपैकी कुठेही जायचं तर फाट्यावर येऊन उभं राहायचं. फाट्यावर निवारा असला तर त्यात, नाहीतर मोहाच्या झाडाखाली.

या निवाऱ्यांवर चित्रं असावीत का, कुणी काढावीत आणि कुणी काढून घ्यावीत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. या भागाच्या इतिहासात मात्र तो फार जुना आहे.

वेशीवरचा सिंह

चंद्रपूर हे परकोटाचं शहर. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडलेल्या या शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटरची दगडी भिंत आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे तिचे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या. त्यांतल्या एकीचं नाव चोर खिडकी आणि एकीचं मसान खिडकी, म्हणजे कुठल्या कामासाठी कुठली वाट, हे नावातच आलं.

दरवाजांवर गोंड राजवटीचं चिन्ह कोरलेलं आहे : हत्तीवर मात करणारा सिंह. शहरात शिरणारा व्यापारी, बैलगाडीवाला, रानातून मोहफुलं घेऊन आलेली बाई, सगळ्यांनी पहिल्यांदा हेच चिन्ह पाहिलेलं. वेस बंद असेल तर उघडेपर्यंत पाहत बसलेलं. प्रवाशाला थांबावं लागतं त्या जागी, त्याला दिसेल अशा उंचीवर, राज्यकर्त्याने कारागिराकडून करून घेतलेलं ते काम आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर सार्वजनिक जागेसाठीची कलाकृती, सरकारी खर्चाने.

१७५१मध्ये नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचं राज्य संपवलं. नंतर इंग्रज आले. चिन्ह तिथेच राहिलं. राजा गेल्यावरही त्याची सही वेशीवर राहावी, एवढी ताकद दगडात असते. पण तो सिंह कोरणाऱ्या हातांचं नाव कुणालाही माहीत नाही. चित्र मागणारा लक्षात राहतो, करणारा हरवतो, ही आपल्याकडची जुनीच रीत.

नावाची पाटी

स्वातंत्र्यानंतर वेशींची जागा फाट्यांनी घेतली. गावोगाव सिमेंटचे प्रवासी निवारे उभे राहिले. तीन भिंती, वर स्लॅब, आत सिमेंटचा बाक. त्यांतले बरेच आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतले. खासदार निधीची योजना २३ डिसेंबर १९९३ला सुरू झाली आणि बसथांब्याची शेड हे त्यातलं एक मान्य काम. कमी खर्चाचं, लवकर होणारं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारं.

आता गंमत पाहा. या निधीतून झालेल्या कामावर खासदाराचं नाव, खर्च वगैरे लिहिलेली कायमची पाटी लावा, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. जनतेला हिशोब कळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण परिणाम असा की निवाऱ्यावर नाव लिहिण्याची तरतूद आहे, चित्र काढण्याची नाही. गोंड राजाने निदान सिंह तरी कोरून घेतला होता.

उरलेल्या भिंती मग ज्याच्या हाती ब्रश त्याच्या. बियाण्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिराती, शिकवणी वर्ग, प्रेमवीरांची अक्षरं. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम सुरू झाला की नाटकांची पोस्टरं. झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र वडसा. तिथल्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. फाट्यावरची ती पोस्टरं कुणी कला म्हणून लावत नाही, पण थांबलेल्या माणसाशी खरा संवाद तीच करतात : आज रात्री अमुक गावात या.

गडचिरोलीच्या आतल्या भागात भिंत इतकी साधी राहिली नाही. एका बाजूला माओवाद्यांची पत्रकं आणि बॅनर, दुसऱ्या बाजूला पोलिसांची आवाहनं आणि बक्षीस जाहीर केलेले चेहरे. माओवाद्यांनी गावांत स्मारकं उभारायची, पोलिसांनी ती पाडायची. अशा ठिकाणी भिंतीवर काही काढणं म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे हे सांगणं ठरू शकतं. कोरी भिंत हाच अनेक गावांना सुरक्षित पर्याय वाटला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

२०१८ : वाघ फलाटावर आला

मे २०१८मध्ये रेल्वेने स्थानक सुशोभीकरण स्पर्धेचा निकाल जाहीर केला. देशातलं पहिलं बक्षीस, दहा लाख रुपये, बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना विभागून मिळालं. कोळशाच्या धुळीसाठी आणि उन्हाळ्यातल्या तापमानासाठी बातम्यांत येणारं चंद्रपूर पहिल्यांदाच सुंदर म्हणून बातमीत आलं. फलाटांवर आणि भिंतींवर ताडोबा अवतरलं होतं : वाघ, जंगल, आदिवासी जीवन.

त्याचा आनंद खरा होता, आणि तो हिणवायचं कारण नाही. आपलं गाव कुणीतरी रंगवण्यालायक मानलं, ही भावना लहान नसते. पण त्याच निकालात दुसऱ्या क्रमांकावर मदुराईसोबत बिहारचं मधुबनी होतं, आणि तिथली गोष्ट विचार करायला लावते. मधुबनी स्थानकाच्या सात हजार चौरस फुटांहून जास्त भिंती स्थानिक चित्रकारांनी, बहुतेक स्त्रियांनी, रंगवल्या. श्रमदान म्हणून. बक्षीस स्थानकाला, चित्र काढणाऱ्यांना मजुरी नाही.

इथे 'करून घेणं' आणि 'रंगवून घेणं' यातला फरक आहे. एखादी कलाकृती सोपवताना चार गोष्टी ठरतात : विषय कोण निवडणार, काम कुणाला, पैसे किती आणि खाली सही कुणाची. होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत बांधताना खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखला होता. निवडक चित्रकारांकडून कच्ची चित्रं मागवली आणि त्यातून हुसेन यांच्या भित्तिचित्राची निवड झाली. फ्रान्समध्ये १९५१पासून सार्वजनिक इमारतींसाठी असाच एक टक्क्याचा नियम आहे. टक्का छोटा, पण त्यामुळे चित्रकार हा उपकार करणारा स्वयंसेवक न राहता गवंड्यासारखा, सुतारासारखा हक्काने पैसे घेणारा माणूस होतो.

वाघ कुणाच्या डोळ्यांनी?

आता विषयाकडे येऊ. ताडोबा १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघ वाढले, पर्यटन वाढलं, रोजगार आला. आणि वाघ जंगलाच्या हद्दीबाहेर, शेतांत आणि गावांच्या कडेला येऊ लागला. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपण आणायला गेलेली माणसं.

नागपूरहून सफारीला येणाऱ्यासाठी भिंतीवरचा वाघ म्हणजे स्वागत. सिंदेवाही किंवा मूलकडच्या फाट्यावर संध्याकाळच्या शेवटच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या बाईसाठी तो काय असतो? तिला वाघ नकोच असेल असं नाही. या भागात वाघाची देव म्हणून पूजाही होते. पण तो वाघ पर्यटनाच्या जाहिरातीतला नसेल. तो कदाचित पाठमोरा असेल, किंवा त्याच्यासमोर हात जोडलेलं माणूस असेल. ते चित्र कसं असेल हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि फाट्यावरच्या बाईला विचारून चित्र काढायची आपल्याकडे पद्धत नाही.

'आदिवासी कला' म्हटलं की हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. राज्यभरच्या सरकारी भिंतींवर त्रिकोणी अंगाच्या वारली आकृत्या नाचताना दिसतात. वारली चित्रकला डहाणू-पालघरची, राज्याच्या दुसऱ्या टोकाची. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. ठिपक्या-रेघांची 'गोंड चित्रकला' म्हणून जी ओळखली जाते ती मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान कलावंतांची. जनगढसिंह श्याम आणि भोपाळचं भारत भवन यांच्यामुळे ती १९८०च्या दशकात पुढे आली. दोन्ही थोर. पण भामरागडच्या माडियाला वारली नाच दाखवून 'ही तुझी कला' म्हणणं म्हणजे मालवणच्या माणसाला झुणका वाढून 'घ्या, तुमचं घरचं जेवण' म्हणण्यासारखं आहे. इथली कला मुख्यतः लाकडात आणि बांबूत आहे : कोरीव खांब, मृतांच्या आठवणीत उभी केलेली लाकडं आणि दगड, बुरडकाम.

मेंढ्याचं गोटूल

इथे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट सांगायला हवी. गोटूल म्हणजे गोंड गावातली सामूहिक जागा : तरुणांनी जमायचं, गाणी शिकायची, गावाने बसून निर्णय करायचे. १९८०च्या दशकात मेंढ्याने आपलं गोटूल परंपरेप्रमाणे सागवानी लाकडात बांधलं. लाकूड जंगलातलं, म्हणून वनखात्याने ते पाडलं. त्यावर आसपासच्या गावांनी आपापल्या गावात गोटुलं बांधली. शेवटी खात्याला माघार घ्यावी लागली.

म्हणजे महाराष्ट्रात सार्वजनिक वास्तूच्या लाकडी खांबांसाठी गावांनी सरकारशी भांडण केलं ते मुंबईत किंवा पुण्यात नाही, धानोऱ्यात. पुढे याच गावाला, देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी, २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. निर्णय एकमताने घ्यायचा ही तिथली पद्धत. नंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांना बांबू-तेंदूतून उत्पन्न मिळू लागलं.

या ग्रामसभा निवारा बांधून घेऊ शकतात. लाकूड आणि बांबू त्यांचा, कारागीर त्यांच्यातले, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४पासून बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. विषय गोटुलात बसून ठरेल. मजुरी ग्रामसभेच्या ठरावाने. पाटीवर निधी देणाऱ्याचं नाव राहू दे, त्याखाली कारागिराचंही येऊ दे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर ऑस्ट्रियातल्या क्रुम्बाखकडे पाहा. जेमतेम हजार वस्तीचं गाव. २०१४मध्ये त्यांनी जगातल्या सात नामांकित वास्तुकारांना आपले सात बसथांबे करायला सांगितले. पैसे नव्हते, म्हणून मानधनाऐवजी गावात सुट्टीचा पाहुणचार दिला. बांधकाम स्थानिक सुतार-लोहारांनी केलं. आज लोक ते थांबे पाहायला येतात. गडचिरोलीने त्यांची नक्कल करायची गरज नाही, बाहेरून सात वास्तुकार आणायचीही नाही. एका लहान गावाने बसथांब्याला किंमत दिली, एवढंच त्यातून घ्यायचं.

गाडी आता पोचते आहे

१ जानेवारी २०२५ला एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याहून अहेरीला एसटी सुरू झाली. मुख्यमंत्र्यांनी तिला झेंडा दाखवला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या मार्गावर आलेली ही पहिली एसटी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या काटेझरीहून गडचिरोलीला गाडी सुटू लागली. लालपरीच्या पहिल्या फेरीचं गावकऱ्यांनी केलेलं स्वागत तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल.

गाडी आली की मागोमाग निवारा येतो. येत्या काही वर्षांत या मार्गांवर निवारे बांधले जातील, त्यांची अंदाजपत्रकं कुठल्या तरी कार्यालयात तयार होतील. सिमेंट, वाळू, सळई, पत्रे, रंग. 'रंग' या ओळीपुढे पिवळा आणि तपकिरी लिहून अंदाजपत्रक पुढच्या टेबलावर सरकवणं सोपं आहे. तीच वेळ आहे ग्रामसभेने विचारायची : ही भिंत आमच्या गावात उभी राहणार, तर तिच्यावर काय असेल हे आम्हाला विचारलं का? जो कोरणार आहे त्याचे पैसे या कागदात कुठे आहेत?

काम एकदा मंजूर झालं की या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. जटपुरा दरवाजावरचा सिंह कुणी कोरला हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. गर्देवाड्याचा निवारा मात्र अजून कागदावरही आलेला नसेल, आणि तो कोरू शकणारे हात आज त्याच गावात आहेत.